दुधाचा खाडा आणि पोरांची कामं

मराठी घरात काय काय लिहून ठेवलं जातं, त्याची एकदा यादी करून बघा. दुधाचा खाडा कॅलेंडरवर. पेपरवाल्याचा खाडा त्याच चौकोनात, वेगळ्या रंगाच्या पेनने. बाईंच्या सुट्ट्या, गॅसचा सिलिंडर लावला ती तारीख, इस्त्रीला दिलेले कपडे, वाण्याची वही. चार लिटर दुधाचा हिशोब महिनाअखेरीस चुकला तर घरात चौकशी समिती बसते. पण पोराने किती वेळा पाणी भरलं, पोरीने किती वेळा ताटं घेतली, धाकट्याला किती संध्याकाळी सांभाळलं, हे आपल्या आयांच्या पिढीत कुणीही कॅलेंडरवर लिहिलं नाही. कामं तर होत होती. त्यांचं खातं मात्र कुठेच नव्हतं.

आता ते उघडलंय. ओळखीच्या तीन-चार घरांत तरी फ्रीजवर चुंबकाने लावलेला तक्ता दिसतो: आडवे सात वार, उभी कामं, आणि चौकोनांत सोनेरी चांदण्या. दहा चांदण्या झाल्या की आईसक्रीम. ज्यांना कागद जुनाट वाटतो त्यांच्यासाठी फोनवर अ‍ॅप आहेत. २००७ साली तर 'चोअर वॉर्स' नावाचा ऑनलाईन खेळच निघाला होता. त्यात भांडी घासली की अनुभवाचे गुण मिळायचे आणि तुमचं पात्र वरच्या पातळीवर जायचं. दर शुक्रवारी संध्याकाळी टाईमशीट भरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हा तक्ता बघून घरच्यासारखं वाटायला हवं. उलट थोडं चमत्कारिक वाटतं. म्हणून ह्या विकांताला हा तक्ता आला कुठून ते शोधायला बसलो आणि भलतीकडेच जाऊन पोचलो.

खुणांच्या तक्त्याचं सगळ्यात प्रसिद्ध जुनं उदाहरण बेंजामिन फ्रँकलिनचं. अठराव्या शतकात, तरुणपणी, ह्या गृहस्थाने तेरा सद्गुणांची यादी केली आणि एक छोटी वही आखली. सात वार, तेरा ओळी. एका आठवड्यात एकाच गुणावर लक्ष, म्हणजे तेरा आठवड्यांत एक फेरी आणि वर्षात चार फेऱ्या. आपण त्याला स्प्रिंट म्हटलं असतं. गंमत अशी की तो चांगल्या वागण्याला चांदणी देत नव्हता, चुकीला काळा ठिपका देत होता. खोडून खोडून कागदाला भोकं पडायला लागली, तेव्हा तो पुसता येणाऱ्या हस्तिदंती पाट्यांवर आला. 'व्यवस्थितपणा' ह्या ओळीने त्याला आयुष्यभर छळलं, हे त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. पण ही वही त्याची, ठिपके त्याचे आणि बघणाराही तोच. हे महत्त्वाचं आहे, पुढे लागेल.

दुसऱ्याच्या कामाला गुण देऊन त्या गुणांवर काहीतरी विकत घेऊ द्यायचं, ही वेगळी कल्पना. तिचा एक ठळक प्रयोग १८४० साली झाला, तो नॉरफोक बेटावर. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला ब्रिटिशांची कैद्यांची वसाहत होती, तिथे अलेक्झांडर मॅकोनोकी नावाचा स्कॉटिश नौदल अधिकारी प्रमुख म्हणून आला. त्याचं म्हणणं, शिक्षा वर्षांत मोजू नका, गुणांत मोजा. काम आणि वागणूक चांगली की गुण जमा, त्यातूनच जास्तीचं खाणं घ्या किंवा सुटकेसाठी साठवा. त्या काळच्या फटक्यांच्या मानाने ही फार मोठी माणुसकी होती. १८४४ मध्ये त्याला काढून टाकलं.

आजच्या तक्त्याचा जवळचा पूर्वज मात्र इलिनॉयमधल्या अ‍ॅना स्टेट हॉस्पिटलचा. १९६१ पासून तिथे तेओदोरो आयलोन आणि नेथन अ‍ॅझरिन ह्या मानसशास्त्रज्ञांनी, वर्षानुवर्षं दाखल असलेल्या मनोरुग्ण स्त्रियांच्या एका वॉर्डात टोकन सुरू केली. भांडी धुणं, जेवण वाढायला मदत, स्वतःची वेणीफणी, प्रत्येकाला ठरावीक टोकन. त्यांत थोडा एकांत, बाहेर फेरफटका, कँटीनमधलं काहीतरी विकत घेता यायचं. कामं व्हायला लागली. मग त्यांनी एक चाचणी केली: काम करा न करा, टोकन मिळतीलच. कामं धपकन खाली आली. १९६८ च्या त्यांच्या पुस्तकानंतर ही पद्धत शाळांत, सुधारगृहांत आणि घरांत पसरली. थोडक्यात, फ्रीजवरच्या तक्त्याचं खानदान बघितलं तर तिथे कैदी आहेत, मनोरुग्ण आहेत आणि मग आपला बंड्या आहे. तिघांत समान काय? त्यांना तिथून उठून जाता येत नाही.

पण पालकांना ह्याची गरजच का वाटली? व्हिव्हियाना झेलायझर ह्या समाजशास्त्रज्ञ बाईंचं १९८५ चं पुस्तक ह्या बाबतीत झकास आहे. अमेरिकेच्या १९०० च्या जनगणनेत १० ते १५ वयाची सुमारे १७.५ लाख मुलं कमावती म्हणून नोंदली गेली होती, म्हणजे दर सहा मुलांत एक. बरीचशी शेतावर, बाकी गिरण्या, खाणी, रस्ते. १९३८ च्या कायद्यापर्यंत येता येता हे चित्र बदललं आणि मूल घराला पैसे आणून देणारं न राहता घराने ज्याच्यावर पैसे खर्च करायचे असं झालं. झेलायझरबाईंचा मुद्दा असा की ते पैशाच्या दृष्टीने निरुपयोगी आणि मायेच्या दृष्टीने अनमोल झालं. आणि मग प्रश्न पडला की अनमोल मुलाला कामाला लावायचं कसं आणि कशासाठी? उत्तर निघालं, काम त्याच्याच संस्कारासाठी. आईची मदत हा हेतू मागे पडला. खाऊचे पैसे द्यायचे का, कामाच्या बदल्यात द्यायचे का, ह्यावर तेव्हापासून तिकडे लेखच्या लेख पडताहेत. सिडोनी ग्रुएनबर्ग ह्यांच्यासारख्या तेव्हाच्या सल्लागारांचं मत होतं की पैसे द्या, पण घरकामाची मजुरी म्हणून नको. शंभर वर्षं झाली, तोच वाद नव्या अ‍ॅपवर चालू आहे.

आता खरी मजा. मुलांच्या कामाची नोंद पालकांनी नव्हे तर त्रयस्थांनी, वही-पेन्सिल घेऊन, ठेवली असेल का? ठेवली आहे, आणि त्यातलं एक गाव आपल्या देशातलं आहे.

१९५४ ते १९५६ च्या सुमारास बिअ‍ॅट्रिस आणि जॉन व्हायटिंग ह्या जोडप्याच्या पुढाकाराने सहा संशोधक गट सहा ठिकाणी जाऊन राहिले: केनियातलं न्यान्सोंगो, मेक्सिकोतलं हुश्टलाहुआका, फिलिपाईन्समधलं तारोंग, ओकिनावातलं तायरा, अमेरिकेतलं 'ऑर्चर्ड टाउन' आणि उत्तर प्रदेशात सहारनपूर जिल्ह्यातलं 'खालापूर'. शेवटची दोन नावं टोपणनावं. (आपल्या एक्सप्रेसवेवरच्या खालापूर टोलनाक्याशी काही संबंध नाही, मीही दोन मिनिटं गोंधळलो.) तीन ते अकरा वर्षांची एकूण १३४ मुलं निवडली आणि संशोधक पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत त्यांच्या मागे राहून लिहीत गेले. कोण कुणाला काय म्हणालं, कुणी मदत केली, कुणी हुकूम सोडला, कुणी रडून लक्ष वेधलं. शिवाय प्रत्येक मुलाकडे घरातली कुठली कामं आहेत ते.

त्यातून निघालेला निष्कर्ष १९७५ च्या पुस्तकात आहे. न्यान्सोंगो, तारोंग आणि हुश्टलाहुआका इथली मुलं न मागता मदत करणारी, लहानग्यांना सांभाळणारी, घरच्या भल्यासाठी दुसऱ्याला काम सांगणारी. ऑर्चर्ड टाउन, तायरा आणि खालापूर इथली मुलं लक्ष मागणारी, मदत मागणारी आणि स्वतःसाठी हुकूम सोडणारी. ह्याचं मोठं कारण म्हणून व्हायटिंग दांपत्याने आईच्या डोक्यावरच्या कामाकडे बोट दाखवलं. न्यान्सोंगोची आई दिवसभर शेतात. तिथे पाच ते आठ वर्षांची बहीण किंवा भाऊ तान्ह्याला सांभाळतो, लाकडं-पाणी आणतो, दळतो, गुरं राखतो. तिथे मूल हललं नाही तर खरोखरच घर अडतं, आणि मुलालाही ते कळतं. ऑर्चर्ड टाउनचं मूल काय करतं? आपली खोली आवरतं, आपली खेळणी उचलतं. ह्यातलं एकही काम नाही झालं तरी कुणी उपाशी राहत नाही.

आणि खालापूर? तिथली राजपूत घरं जमीनदार. बायका पडद्यात, अंगणाच्या आत. पाणी आणायला एक जात, झाडायला एक जात, असं सगळं लावून दिलेलं. त्यामुळे राजपूत मुलांकडून कामाची फारशी अपेक्षाच नव्हती. त्या पोरांना आळशी म्हणता येणार नाही, कारण त्यांच्या वाट्याचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी पोराच्या वाट्याला आधीच गेलेलं होतं.

हे वाचल्यावर मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. आपण समजतो की कोथरूड-बाणेरचा टू-बीएचके हा अमेरिकन उपनगराकडे चाललाय. मुलांच्या कामाच्या बाबतीत तो सरळ खालापूरला आहे. झाडू-फरशीला एक ताई, भांड्यांना दुसरी, पोळ्यांना मावशी. मग चिरंजीवांसाठी काम उरतं कुठलं? 'आपलं दप्तर आपण भर.' त्यालाही चांदणी. तक्ता ही आयात अमेरिकेची, पण तो लावला गेलाय त्या भिंतीमागची व्यवस्था इथली, जुनी. १३४ हा आकडा लहान आहे, आणि सहा गावांवरून जगाचे नियम काढू नयेत, हे मान्य. पण हा आरसा वाईट नाही.

एक पुरवणी. कॅरोल एम्बर ह्यांनी केनियातल्याच लुओ मुलांचा अभ्यास १९७३ मध्ये छापला. ज्या घरात मोठी बहीण नव्हती, तिथे 'मुलींची' कामं नाइलाजाने मुलांना पडायची: बाळ सांभाळणं, दळण, पाणी. ही मुलं इतर मुलांपेक्षा कमी हमरीतुमरीवर येणारी निघाली, अगदी घरकाम चालू नसतानासुद्धा.

चांदण्यांचं पुढे काय झालं तेही सांगतो. त्याच १९७३ साली स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट ह्यांनी ५१ मुलांवर एक साधा प्रयोग केला. मुलांना स्केचपेनने चित्रं काढायला मुळातच आवडायचं. एका गटाला आधी सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला ते नंतर अचानक दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पेनं परत ठेवली. आमिष दाखवलेली मुलं ८.६ टक्के वेळ चित्रं काढत होती, काहीच न मिळालेली १६.७ टक्के, आणि अचानक मिळालेली १८.१ टक्के. अर्ध्यावर आलं की हो. २००८ मध्ये लाइपझिगच्या वार्नेकेन आणि टोमासेलो ह्यांना वीस महिन्यांच्या बाळांतही तेच दिसलं. पडलेली वस्तू उचलून द्यायला ही बाळं आपणहून धावतात, पण त्यासाठी बक्षीस मिळालेली बाळं पुढच्या वेळी कमी धावली. बहुतेक घरकाम मुळात आवडीचं नसतं, म्हणून चांदणीने तिथे नुकसान होईलच असं नाही, हा बचाव मला पटतो. पण मदत करायची हौस मात्र दोन वर्षांच्या पोरात असते, हे कुणीही ज्याच्या कणकेच्या ताटात लहान मूल येऊन बसलंय तो सांगेल.

आता आपल्याकडचा प्रयोग. मुलांचं काम मोजण्याचा हिंदुस्थानातला बहुधा सगळ्यात गाजलेला प्रयत्न वर्ध्यात झाला. १९३७ च्या निवडणुकांनंतर प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळं आली. शाळा सगळ्यांना हव्यात, पण शिक्षणाचा पैसा येतो दारूवरच्या करातून, आणि दारूबंदी तर करायचीय. गांधीजींनी तोडगा काढला: शाळा मुलांच्या हस्तोद्योगावर चालू देत. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्याला परिषद झाली, डॉ. झाकिर हुसेन ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि २ डिसेंबरला अहवाल तयार. सव्वा महिन्यात! समितीत विनोबा होते, काका कालेलकर होते, कुमारप्पा होते.

त्या अहवालातलं वेळापत्रक बघा. शाळा साडेपाच तास. त्यातले ३ तास २० मिनिटं मूलोद्योगाला. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून ४० मिनिटं, मातृभाषा ४०, समाज आणि विज्ञान ३०, व्यायाम १०, सुट्टी १०. बेरीज करून बघितली, बरोबर ३३० मिनिटं भरतात. टकळीवरच्या सुताचा हिशोब मुलांनी शिकायचा तो असा: चार फुटांची एक तार, १६० तारांची एक लटी, चार लट्यांची म्हणजे ६४० तारांची एक गुंडी. एका गुंडीत पाऊण किलोमीटरहून जास्त सूत होतं. त्यातूनच गुणाकार-भागाकार, त्यातूनच सुताचा अंक, त्यातूनच कापसाचा भूगोल.

आक्षेप पहिल्या दिवसापासून आले, आणि बाहेरच्यांचे नव्हे, आतल्यांचे. अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा परिषदेतच उभे राहिले: मुलांच्या मालावर शाळा चालवायची म्हणजे शाळेचा कारखाना होईल, आणि बाजारात ह्या मालाशी खऱ्या कारागिरांना झुंजावं लागेल. मग ह्याच शहांना समितीत घेतलं, हे मला फार आवडलं. आपल्याकडे डिझाईन रिव्ह्यूत खुसपट काढणाऱ्याला पुढच्या मीटिंगचं आमंत्रण येत नाही. आणि अहवालाने स्वतःच इशारा लिहून ठेवला की पैशाच्या बाजूवर भर दिला गेला तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम पिळून काढण्याच्या मागे लागतील आणि शिक्षण बाजूला पडेल. मोजमाप बनवणारेच त्या मोजमापाचा बग दस्तऐवजात लिहून देतात, हे मी तरी फार कमी वेळा पाहिलंय.

१९३८ मध्ये हिंदुस्थानी तालीमी संघ स्थापन झाला आणि सेवाग्रामला शाळा चालू लागली. सूत तर होतंच, पण सफाई, बाग आणि स्वयंपाकघर हेही अभ्यासाचेच विषय. आपल्या कामाची नोंद मुलांनी आपण ठेवायची, हा ह्या पद्धतीचा भाग होता. इथे फ्रँकलिनची वही आठवा. तक्ता तोच, पण पेन मुलाच्या हातात. वरच्या कुणी खूण करायची वाट बघत मूल बसत नाही. काल ताक किती झालं, भाजी किती लागली, आज किती लागेल, ह्यासाठी त्यालाच ती नोंद हवी असते. ही योजना देशभर नीट रुजली नाही. सरकारी शाळांत तिची पुढे टकळीचा एक कंटाळवाणा तास एवढीच ओळख उरली, आणि माझ्या वडिलांच्या पिढीला विचाराल तर ते टकळीबद्दल फारसं प्रेमाने बोलत नाहीत.

वर्ध्याच्या आधी साताऱ्यात हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने घडत होती. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये तिथे वसतिगृह काढलं, त्याला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, स्वयंपाक आणि इतर कामं आपसांत वाटून घेत आणि एका पंगतीला बसत. कोण कुणाच्या हातचं खातो ह्यावर जिथे माणसाची पायरी ठरायची, तिथे भाकरी थापायची पाळी आज ह्याची, उद्या त्याची. खालापूरच्या अंगणात जे काम जातीने वाटलं होतं ते इथे पाळीने वाटलं गेलं. मुलांच्या घरकामाची कुठलीही यादी इतकी स्फोटक झाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. आणि ह्यात चांदणी कुठेच नाही.

आता कॅलेंडरवर कधीच न आलेल्या त्या नोंदींकडे. मुलांची कामं न लिहिण्यात एक आपलेपणा आहे, हे मी वर सुचवलं. पण न लिहिण्याची किंमत सगळ्यांनी सारखी दिली नाही. युनिसेफने २०१६ मध्ये आकडे मांडले: ५ ते १४ वयाच्या जगभरच्या मुली रोज ५५ कोटी तास घरकामात घालवतात, त्याच वयाच्या मुलग्यांपेक्षा १६ कोटी तास जास्त. त्याच वर्षी आपल्या बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि चौदाखालच्या मुलाने शाळेव्यतिरिक्तच्या वेळात घरच्यांना मदत करायला मुभा मिळाली. मदत किती म्हणजे मदत, हे मोजणारं घरात कुणी नाही. भावाच्या फ्रीजवरच्या दहा चांदण्या आणि बहिणीच्या न लिहिलेल्या दहा वर्षांचा ताळेबंद कुठल्या वहीत लावायचा?

एक वही आहे, सरकारी आहे. भारतात वेळेच्या वापराची पहिली मोठी पाहणी १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत १८,५९१ घरांत झाली, आणि देशभराची २०१९ मध्ये. दुसऱ्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका-मुलींचे दिवसाचे सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुष-मुलग्यांची ९७. घरातल्या सहा वर्षांवरच्या प्रत्येकाचा त्यात दिवस लिहिला जातो. दिवस मोजायचा तो पहाटे चारपासून दुसऱ्या पहाटे चारपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाच्या चौकटींत. पाणी पहाटे येतं हे ज्याने फॉर्म बनवला त्याला ठाऊक असावं. एकाच चौकटीत एकाहून जास्त कामं लिहायची सोय आहे, आणि दोन कामं एकदमच चालू असतील तर तसंही नोंदवता येतं. म्हणजे धाकट्याला मांडीवर घेऊन गणितं सोडवणाऱ्या सातवीतल्या मुलीला तिथे दोन ओळी मिळतात.